पहाड, दरबार आणि जंगल: नेपाळच्या सहलीविषयीचे गैरसमज

नेपाळला जायचं ठरलं की एक सल्ला हमखास मिळतो: ट्रेक करायचा तर तेवढाच करा, मंदिरं आणि जंगल पुढच्या खेपेला. पण अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्या मधून वाहणारी काली गंडकी देवघाटला त्रिशूलीला मिळते, नारायणी होते आणि चितवनच्या जंगलाच्या कडेने पुढे जाते. पहाड आणि जंगल एकाच पाण्यावर पोसलेले आहेत आणि काठमांडू तिथून रस्त्याने एका दिवसावर आहे. बारा-तेरा दिवस हाताशी असतील तर तिन्ही गोष्टी नीट होतात. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज: हिमालयातला ट्रेक म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प, त्याला दोन आठवडे लागतात.

वस्तुस्थिती: पोखराहून निघून घोडेपानी-पून हिलचा ट्रेक चार-पाच दिवसांत होतो. ३२१० मीटर उंचीच्या पून हिलवरून ८१६७ मीटरचा धौलागिरी आणि अन्नपूर्णेची रांग समोर दिसते. वाटेवर राहण्या-जेवणाची सोय असते, तंबू-शिधा वाहावा लागत नाही. कस लागतो तो उलेरीच्या चढणीवर, तीन हजारांहून अधिक दगडी पायऱ्यांवर.

गैरसमज: दर रविवारी गड चढणाऱ्याला विरळ हवा बाधत नाही.

वस्तुस्थिती: कळसूबाई १६४६ मीटर आहे, पून हिल जवळजवळ दुप्पट. साधारण २५०० मीटरच्या पुढे उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो, दमसास कितीही चांगला असो. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच देत नाही. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर पुढे चढू नये. त्रास वाढला तर लगेच खाली उतरावं. ४१३० मीटरवरच्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाणार असाल तर सहल तेवढी लांबवा. जंगलासाठी दिवस वाचवायचा म्हणून इथली विश्रांती कापणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: २०१५च्या भूकंपानंतर काठमांडूत पाहण्यासारखं उरलं नाही.

वस्तुस्थिती: काठमांडू खोऱ्यातली सात वारसास्थळं १९७९पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. भूकंपाने बरंच पाडलं, हे खरं. पण भक्तपूरचं पाच छपरांचं न्यातपोल मंदिर, १७०२ साली बांधलेलं, १९३४ आणि २०१५ असे दोन्ही मोठे भूकंप सोसून उभं आहे. पूर्ण कोसळलेला काष्ठमंडप पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभारला गेला. पाटणच्या दरबार चौकात खिडक्यांवरचं नेवार कारागिरांचं लाकूडकाम पाहायला निवांत वेळ हवा. विमानाच्या आधी उरलेल्या दोन तासांत ते उरकू नये.

गैरसमज: चितवनला वाघ दिसला नाही तर फेरी फुकट.

वस्तुस्थिती: ताडोबात उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ पाहिलेल्यांना तसंच वाटतं. २०२२च्या गणनेत चितवनमध्ये १२८ वाघ होते, पण उंच गवतात ते सहज दिसत नाहीत. चितवनचं खरं वैभव एकशिंगी गेंडा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथे जेमतेम शंभर गेंडे उरले होते. १९७३मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे लष्कराचा पहारा बसला आणि २०२१च्या गणनेत नेपाळमधल्या ७५२ गेंड्यांपैकी ६९४ एकट्या चितवनमध्ये मोजले गेले. सौराहाला राप्ती नदीत लाकडी होडीतून जाताना काठाच्या वाळूवर पहुडलेल्या सुसरी आणि गवत ओरबाडणारा गेंडा दिसू शकतो. त्यासाठी किमान दोन रात्री द्याव्यात.

गैरसमज: तिन्हींसाठी ऑक्टोबरच उत्तम.

वस्तुस्थिती: शिखरांसाठी तो उत्तम आहेच. पण तेव्हा चितवनचं गवत माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. हिवाळ्याच्या अखेरीस आसपासच्या गावकऱ्यांना ते कापायची परवानगी मिळते, त्यानंतर जनावरं दिसणं सोपं होतं. मार्चमध्ये घोडेपानीच्या जंगलात लालीगुरांसही (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलू लागतो. म्हणून तिन्ही एकत्र करायचं तर मार्चचा पहिला पंधरवडा निवडावा. पुढे धुरकट हवेने शिखरं झाकली जाऊ लागतात.

गैरसमज: व्हिसा लागत नाही, म्हणजे आधार कार्ड पुरे.

वस्तुस्थिती: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रौढांनी विमानप्रवासासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं. ट्रेकला परवाना लागतो. शिवाय १ एप्रिल २०२३पासून विदेशी ट्रेकरांनी परवानाधारक गाईड घ्यावा असा नियम आहे.

क्रम असा ठेवा: काठमांडूत तीन दिवस, पोखराच्या प्रवासाला एक, ट्रेकला पाच, पोखरात एक दिवस आराम आणि शेवटी चितवन. पायांना विश्रांती हवी असते तेव्हाच होडी मिळते. आठवडाभराचीच रजा असेल तर तिन्हींतलं एक खुशाल सोडा आणि उरलेली दोन मन लावून पाहा.