स्तनार्बुदातील विकरे : बीजाइतकेच क्षेत्रही महत्त्वाचे

स्तनाच्या कर्करोगात रुग्णाच्या जिवाला अधिक धोका मूळ गाठीपेक्षा अस्थी, फुप्फुस, यकृत आदी ठिकाणी होणाऱ्या प्रसाराचा असतो. या प्रसारासाठी कर्कपेशीला प्रथम भोवतालचे आधारपटल भेदावे लागते. ते भेदण्याचे काम मुख्यतः विकरे, म्हणजेच एंझाइम्स करतात. ही विकरे नेमकी कोण स्रवते व कशामुळे, याचे उत्तर आयुर्वेदाच्या अभ्यासकाने समजून घेण्यासारखे आहे.

बीज आणि भूमी

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुय्यम गाठी विशिष्ट अवयवांतच अधिक आढळतात, हे दाखवून त्यांनी बीज व भूमीचा दृष्टांत दिला. गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चौघांची आवश्यकता सांगणाऱ्या सुश्रुतसंहितेच्या वाचकांना हा विचार परका वाटणार नाही.

क्षेत्राचा सहभाग

आधारपटलातील कोलॅजेनादी प्रथिनांचे विघटन करणाऱ्या जस्तयुक्त विकरांच्या गटास मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, संक्षेपाने एमएमपी, म्हणतात. यांपैकी स्ट्रोमेलायसिन-३ हे विकर स्तनार्बुदात कर्कपेशींऐवजी त्यांच्या शेजारील संयोजी ऊतींच्या पेशींत तयार होते, असे १९९० मध्ये आढळले. पुढे स्पष्ट झाले की, कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांद्वारे शेजारच्या तंतुजनक पेशींना विकरे स्रवण्यास उद्युक्त करतात. गाठीत शिरलेल्या भक्षक पेशीही त्यात भर घालतात.

परिस्थितीही तितकीच कारणीभूत ठरते. वेगाने वाढणाऱ्या गाठीत प्राणवायू कमी पडतो. अशा अवस्थेत कर्कपेशी लायसिल ऑक्सिडेज हे विकर अधिक स्रवतात. त्यामुळे कोलॅजेनचे तंतू परस्परांशी जखडले जाऊन ऊती कठीण होते. साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे कॅथेप्सिन गटातील विकरांना अनुकूल वातावरण लाभते. आधारपटल विरघळताना त्यात बद्ध असलेले वृद्धिघटक मोकळे होतात आणि पेशींना पुन्हा चेतवतात. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसत राहते.

चिकित्सेला मिळालेला धडा

मग ही विकरे रोखली की रोग थांबेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु एमएमपीरोधक मॅरिमास्टॅटची प्रसृत स्तनकर्करोगातील मोठी चाचणी अपयशी ठरल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगवाढ लांबली नाही. उलट स्नायू व सांध्यांच्या वेदनांचा उपद्रव झाला. या गटातील काही विकरे शरीराच्या रक्षणाचेही कार्य करतात, हेही संशोधनातून पुढे आले.

आपली जबाबदारी

हळदीतील कर्क्युमिनमुळे काचपात्रातील स्तनकर्कपेशींत एमएमपी-९ घटल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तथापि एकट्या पेशींवरील असा प्रयोग बीजाची परीक्षा करतो. क्षेत्र त्यात नसतेच. शिवाय मुखावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प पोहोचते. एवढ्या आधारावर रुग्णेला रोगमुक्तीचे आश्वासन देणे शास्त्रसंमत नाही. ग्रंथोक्त दृष्टांताचे आधुनिक सिद्धांताशी साम्य असणे म्हणजे औषधाच्या गुणाचा पुरावा नव्हे.

म्हणून स्तनात गाठ आढळताच केवळ लेप अथवा गुग्गुळकल्प देऊन वाट न पाहता मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार बायोप्सीसाठी रुग्णेस तत्काळ पाठवावे. निदान निश्चित झाल्यावर शस्त्रकर्म, केमोथेरपी, रेडिएशन यांत खंड पडू देऊ नये. अग्नी, निद्रा व बल सांभाळण्यासाठी आपले साहाय्य कर्करोगतज्ज्ञांना कळवूनच द्यावे. क्षेत्राचा विचार ही आपली परंपरा आहे. रुग्णेचा अमूल्य काळ वाया जाऊ न देणे हाही त्याच परंपरेचा भाग होय.