चिकटलेले कसे सोडवावे?

फणस फोडावयाचा तर विळीच्या पात्याला व हातांना प्रथम तेल चोळावे, हे अनगोळच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. आजीच्या हाताखाली वावरणारी मुलगी हा पाठ आपोआप गिरविते. चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. परंतु लग्नाच्या आहेरात आलेल्या स्टीलच्या डब्यावरील चिठ्ठी काढताना हेच ज्ञान आपण विसरतो. सुरी नाहीतर तारेची घासणी हाती घेतली जाते, आणि नव्या भांड्यावर कायमचे ओरखडे उमटतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

प्रत्येक चिकट पदार्थ आपल्याच जातीच्या द्रवात विरघळतो, हे यामागील तत्त्व होय. खळ आणि डिंक पाण्यात कालविलेले असतात. म्हणून कोमट पाण्याचे ओले फडके थोडा वेळ ठेवले की ते सुटतात. फणसाच्या चिकात पाण्याशी न मिसळणारे राळेसारखे अंश असतात. त्यांना तेलच हवे. चिकटपट्टीची गोष्टही तशीच. अमेरिकेतील रिचर्ड ड्रू याने मोटारींच्या रंगकामासाठी १९२५ साली कागदी चिकटपट्टी तयार केली. १९३० साली पारदर्शक पट्टी आली. अशा पट्ट्यांचा व चिठ्ठ्यांचा गोंद पाण्याला दाद देत नाही.

तेव्हा रीत अशी ठेवावी. प्रथम डब्यात गरम पाणी भरावे. ऊब लागून गोंद मऊ झाला की चिठ्ठी एका कडेने सावकाश सोलावी. उरलेल्या चिकट थरावर खोबरेल किंवा गोडे तेल चोळून पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. मग जुन्या सुती फडक्याने पुसावे आणि साबणाने भांडे धुवावे. काच, स्टील व चिनी माती यांना ही रीत निर्धास्त लागू पडते. कोरे लाकूड, कापड, कागद व चुन्याची भिंत यांवर मात्र तेल लावू नये. तेथे डाग जाऊन दुसरा डाग येईल.

स्पिरिटनेही पुष्कळदा गोंद सुटतो; परंतु लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळते, म्हणून कपाट-टेबलास ते लावू नये. नखांचा रंग काढण्याचे द्रव कित्येक प्लॅस्टिकच्या वस्तू विद्रूप करते. कोणताही उपाय प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा.

सर्वांत महत्त्वाचे ते शेवटी सांगतो. डाग काढण्यासाठी रॉकेल, पेट्रोल वा थिनर स्वयंपाकघरात आणू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोहोचते आणि क्षणात भडका उडतो. उरलेले रॉकेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची खोड तर त्याहून घातक. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला द्रव ओळखत नाही. चुकून मुलाने ते प्यालेच, तर त्याला ओकारी काढावयास लावू नये. रॉकेल फुप्फुसात शिरण्याचे भय असते. तत्काळ दवाखाना गाठावा.

डब्यावरील डाग दोन दिवस राहिला तरी घराचे काही बिघडत नाही. तेलाची वाटी व थोडा धीर, एवढ्यावर हे काम भागते.