वाड्यातला देव आणि सरकारी नोंदवही

बडोद्यातील जुन्या मराठी वस्तीत असा वाडा विरळाच, की ज्याच्यामागे एखादे देऊळ, अन्नदानाची रक्कम किंवा कोणा आजोबांच्या नावाची विद्यार्थ्यांस मदत लागलेली नाही. ही व्यवस्था बहुधा एका वडीलधाऱ्याच्या स्मरणावर चालते. ते गृहस्थ गेले, की भाडेकरू भाडे थांबवतो, बँक सही विचारते आणि भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागतात.

आमच्या दांडिया बाजारातील वाड्याच्या चौकात रामाचे लहान देऊळ आहे. घरातील मंडळी पांगली आणि किल्ल्यांबरोबर कागदांचा गठ्ठाही माझ्या हाती आला. सोडून पाहतो तो सारी मोडी! एका वृद्ध स्नेह्यांनी ती बाळबोधीत उतरवून दिली. पूजा व उत्सवासाठी पुढील दोन दुकानांचे भाडे पणजोबांनी लावून दिले होते. ते कोणी गोळा करावे, हिशेब कोणास द्यावा, यासंबंधी एक अक्षर नाही. वंशपरंपरेने चालवावे, इतकेच.

वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न होता, "देव कोणाचा?" आमच्या काकू चटकन म्हणाल्या, "देव सगळ्यांचा." वकील हसून म्हणाले, "काकू, कचेरीत हे वाक्य जपून बोला. सारा कायदा एवढ्यावरच उभा आहे."

आणि ते खरेच होते. निव्वळ कुटुंबातील माणसांच्या हितासाठी केलेल्या विश्वस्तव्यवस्थेस १८८२ चा कायदा लागतो; देवस्थाने व धर्मादाय यांस तो लागत नाही. जे सार्वजनिक, त्याची नोंद चॅरिटी कमिशनरच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत करावी लागते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आपल्याकडे आला. पुढे राज्ये दोन झाली, कायद्याची नावेही बदलली, तरी मूळ खोड एकच. म्हणून पुण्याच्या चुलतभावाने आणलेली माहिती येथेही बरीचशी लागू पडली.

देऊळ खाजगी की सार्वजनिक, हे ठरवावयाचे कसे? १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात त्याची कसोटी सांगितली. लाभ घेणारे ठरावीक व्यक्ती असतील तर देवस्थान खाजगी. अनिश्चित असा भक्तसमुदाय असेल तर सार्वजनिक. नुसते शेजारी दर्शनास येतात एवढ्याने देऊळ गावाचे होत नाही. दारी आलेल्या भाविकास कोण परत पाठवतो? ते हक्काने येतात की परवानगीने, उत्सवाची वर्गणी कोणाकडून घेतली, दानपेटी आहे काय, हे पाहिले जाते. नोंदणीच केली नाही म्हणजे देऊळ खाजगी राहिले, असेही नव्हे. हितसंबंधी माणूस अर्ज करून चौकशी मागू शकतो, कचेरी स्वतः होऊनही ती करू शकते.

आमच्याकडे तीन पिढ्या दानपेटी होती. एका भावाची मात्र खाजगीच ठेवण्याची इच्छा होती, आणि तिला कारण होते. सार्वजनिक विश्वस्तांची स्थावर मिळकत आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासही मंजुरी लागते. त्याचा अर्धा संसार त्या वाड्यात गुंतलेला. त्याला लोभी म्हणणे सोपे होते, पण न्यायाचे नव्हते. अखेर नकाशा काढून देऊळ, चौकातील वाट आणि दोन दुकाने तेवढी परिशिष्टात घातली. राहती घरे बाहेर ठेवली. मला विचाराल तर खतातील सर्वांत मोलाचे पान हेच. पुष्कळ घराणी येथेच मोघम राहतात आणि नातवंडे कोर्टात भेटतात.

मोघमपणाची दुसरी जागा म्हणजे उद्देश. आमच्या मसुद्यात 'धर्मकार्यार्थ' असा भारदस्त शब्द होता. मुंबई इलाख्यातील एका मृत्युपत्रात मिळकत 'धर्मा'स दिली होती, तेव्हा १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ती देणगी अनिश्चिततेमुळे रद्द ठरवली. ज्या शब्दावर आपल्याकडे विहिरी खणल्या गेल्या आणि धर्मशाळा उठल्या, तो लंडनच्या न्यायाधीशांस धूसर वाटला! १९५० च्या कायद्याने धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान या शब्दांस अभय दिले खरे. तरी आम्ही नित्यपूजा, रामनवमीचा उत्सव आणि उरल्या रकमेतून विद्यार्थ्यांस पुस्तके, असे स्पष्ट लिहिले.

नंतरची कामे चिकाटीची, अवघड नव्हेत. स्थावर मिळकत असल्याने खत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवले. विश्वस्तव्यवस्था निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत आयुक्तांच्या कचेरीत अर्ज करावयाचा असतो. चौकशी होऊन नोंदवहीत नाव चढते. नोंद नसलेल्या सार्वजनिक विश्वस्तांच्या वतीने हक्काचा दावा न्यायालय ऐकत नाही, हे भाडेकरूंस आपल्याआधी ठाऊक असते. आयकराची सवलत निराळी. तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

नोंदवहीत नाव चढले म्हणजे सुटलो, असेही नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार रिपोर्ट द्यावा लागतो. एका परिचित घराण्याच्या नोंदीत तीन नावे आहेत आणि तिघेही कैलासवासी. म्हणून आमच्या खतात पाच विश्वस्त ठेवले, दोन घराण्याबाहेरचे. आणि लेकींचा हक्क लेकांइतकाच लिहिला. हे कलम त्याच भावाने सुचवले, ज्याने आधी हरकत घेतली होती. पाचवे नाव त्याच्या मुलीचे. ती सासरी कारेलीबागेत असते. दर ३१ मार्चला हिशेब मिटवून तपासनिसाकडे देण्याचे काम तिने आपण होऊन मागून घेतले आहे.