अर्ध्या डॉलरची लस

संपादकांनी मागितलं होतं वेगळंच: पुण्यातल्या प्रयोगशाळांवर दोन पानं, फोटोंसकट. पुण्यात प्रयोगशाळांना तोटा नाही. कोथरूडहून डेक्कनकडे निघालं की वाटेत आघारकर संशोधन संस्था, पाषाणकडे वळलं की एनसीएल आणि विषाणू संस्था. या सगळ्यांवर लिहून झालंय, आणि बहुतेकांनी चांगलं लिहिलंय. फाटा फुटला तो आमच्या सोसायटीतल्या काकूंमुळे. त्या एका लस कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होत्या, आता निवृत्त. त्यांचं आणि कारखान्याचं नाव घालायचं नाही या अटीवर बोलल्या. “कोविशील्डवर सगळ्यांनी लिहिलं,” त्या म्हणाल्या. “आफ्रिकेच्या लसीवर कोण लिहिणार? इथे कोथरूडात विचारून बघ कुणाला माहितेय का.” विचारलं. कुणालाच माहीत नव्हती.

त्या लसीचं नाव मेनअफ्रिव्हॅक, मेनिंजायटिसवरची लस. ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि आफ्रिकेत तीस कोटींहून अधिक लोकांनी टोचून घेतली. पुण्यात तिची मोहीम कधी झाली नाही, कारण इथे तिची गरजच पडली नाही. आपण तिला विसरलो त्याचं कारण एवढंच असावं.

गरज होती सहाराच्या दक्षिणेला. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या या पट्ट्याला ‘मेनिंजायटिस बेल्ट’ हे नाव लापेसोनी या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १९६३ साली दिलं. आज त्यात २६ देश धरतात. डिसेंबरच्या सुमाराला वाळवंटाकडून हरमॅटन वारा सुटतो, कोरडा आणि धुळीने भरलेला. नाकाघशाचं आतलं अस्तर त्याने फुटतं असं मानतात. एरवी कित्येकांच्या घशात काही त्रास न देता राहणारा निसेरिया मेनिंजायटिडिस हा जिवाणू मग रक्तात उतरतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. ताप, उलट्या, ताठलेली मान, आणि पुढे सगळं एक-दोन दिवसांत आटोपतं. औषध मिळूनही दहांतला एक जातो. वाचलेल्यांत बहिरेपण आलेली, अपस्माराचे झटके येणारी मुलं पुष्कळ. पाऊस पडला की साथ ओसरते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. त्यामागे मुख्यतः ‘ए’ गटाचा जिवाणू होता.

यानंतर जे घडलं ते लसींच्या धंद्यात सहसा घडत नाही. आधी लस, मग तिची किंमत, हा नेहमीचा क्रम. इथे आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधी किंमत सांगितली: डोसला ५० सेंटच्या आत, म्हणजे तेव्हाच्या दराने २५ रुपयांच्या आत. त्यापेक्षा महाग लस आमचे देश लोकांना देऊच शकणार नाहीत, मग ती कितीही चांगली असो. २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरवर मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट उभा केला आणि मार्क लाफोर्स हे डॉक्टर त्याचे संचालक झाले. त्या किमतीत लस करायला मोठ्या पाश्चात्त्य कंपन्या तयार होईनात. शेवटी लाफोर्स यांनी कामाचे तुकडे केले. जिवाणूच्या अंगावरची साखर अॅमस्टरडॅमहून येईल, ती प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून मिळेल, प्रथिन पुण्यातलं असेल आणि लस हडपसरला बनेल.

सीरमचा अधिकृत इतिहास सगळ्यांना पाठ आहे: १९६६, सायरस पूनावाला, घोड्यांचा स्टड फार्म. वयस्क घोडे मुंबईच्या हाफकिनला सीरमसाठी जायचे, मग ते आपणच का काढू नये, हा विचार. सुरुवात झाली ती धनुर्वातावरच्या सीरमपासून. ही गोष्ट मी एरवी गाळली असती, पण धनुर्वात पुढे पुन्हा भेटतो.

काकूंनी वहीचं पान फाडून एक गोल काढला, त्याभोवती केसासारख्या रेघा मारल्या. गोल म्हणजे जिवाणू, रेघा म्हणजे त्याच्या अंगावरची साखर. साखर म्हणजे चहातली नव्हे. मॅनोसामिनचे रेणू फॉस्फेटने एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. ही साखर नुसती टोचली तरी लस होते, आणि तशी लस पूर्वीपासून होती. पण दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर तिची दखल घेत नाही. मोठ्यांना दोन-तीन वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ते विरतं, आणि घशात बसलेला जिवाणू त्या लसीने हलत नाही. साथ आली की धावतपळत टोचायची, पुढच्या साथीला पुन्हा तेच.

तोड जुनी आहे. साखरेला प्रथिन चिकटवायचं. एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ मध्ये सशांवर हे दाखवलं होतं. प्रथिन ओळखणाऱ्या पेशी मदतीला येतात, साखर त्यांच्या लक्षात राहते, आणि तान्ह्या मुलातसुद्धा टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होते. प्रश्न चिकटवण्याचा होता. जुन्या पद्धतीत जोडणी सावकाश व्हायची आणि महागामोलाची बरीचशी साखर जोडलीच जायची नाही. एफडीएतल्या कार्ल फ्रॅश आणि चे-हंग रॉबर्ट ली यांनी वेगळी वाट काढली. साखरेवर पिरिओडेटची प्रक्रिया करून तिच्यावर अल्डिहाइडची टोकं तयार करायची, प्रथिनावर हायड्राझाइडची. ही दोन टोकं एकमेकांना शोधतातच. जोडणी भराभर होते आणि वाया कमी जातं. पन्नास सेंटांचं गणित सुटलं ते मोठ्या अंशी इथे, पातेल्यात उरणाऱ्या साखरेत. दानधर्माच्या भाषणांत याचा उल्लेख क्वचित येतो. आणि प्रथिन कुठलं? टिटॅनस टॉक्सॉइड. धनुर्वाताचं विष निष्प्रभ करून बनवायचं, सीरमच्या अगदी हातातलं काम. ही लस घेणाऱ्यांची धनुर्वाताविरुद्धची प्रतिकारशक्तीही वाढली, हा फायदा वरकड.

“साखर बांधली गेली किती आणि सुटी राहिली किती, सगळी डोकेदुखी तिथेच,” काकू म्हणाल्या. सुटी साखर मर्यादेबाहेर गेली की बॅच बाद. त्यात ए गटाची साखर जात्याच हट्टी. पाण्यात ठेवली की फॉस्फेटचे दुवे सुटत जातात. म्हणून ही लस पातळ ठेवता येत नाही, गोठवून सुकवावी लागते. अशी सुकवलेली लस बघायची तर हडपसरला जायला नको. महापालिकेच्या दवाखान्यात गोवर-रुबेलाची कुपी असते, सिस्टरनी ती हातात दिली. तळाशी पांढरी टिकली, बत्ताशासारखी, हलवली तर आवाज होतो. झाकणावर एक जांभळट वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. कुपीने जितकी उष्णता सोसली तितका चौकोन गडद होतो. तो वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी फेकायची. खूण झाकणावर का, तर लस द्रावणात मिसळली की तिचं आयुष्य तासांत मोजायचं, मग झाकण आणि खूण दोन्ही निरुपयोगी.

मेनअफ्रिव्हॅकच्या पहिल्या सुया २००५ मध्ये भारतातल्या प्रौढ स्वयंसेवकांनी घेतल्या, पुढच्या वर्षी माली आणि गांबियातल्या मुलांनी. (त्याच २००५ मध्ये दिल्लीत ए गटाची साथ आली होती, रोग अगदी परका होता असं नाही.) जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. १ ते २९ वयाच्या सगळ्यांना एकेक डोस, किंमत पन्नास सेंटांच्या आत. चाडमध्ये जिथे लस पोचली तिथे मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी घटलं, आणि लोकांच्या घशातला जिवाणूही जवळपास नाहीसा झाला. २०१२ मध्ये बेनिनच्या बानिकोआरा जिल्ह्यात ही लस बर्फाविना, ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवसांपर्यंत ठेवून दीड लाखांवर लोकांना टोचली. ज्या गावी फ्रीज नाही तिथे आइस पॅकची ने-आण वाचणं म्हणजे काय, हे आरोग्यसेविकेलाच विचारावं. २०१८ पासून या पट्ट्यात ए गटाचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदलेला नाही.

इथे थांबलो असतो तर संपादक खूश झाले असते.

पण ए गेला तरी बाकीचे गट होतेच. २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ गटाची मोठी साथ आली, साडेआठ हजारांच्या आसपास रुग्ण आणि पाचशेवर मृत्यू. २०१७ मध्ये नायजेरियात १४ हजारांवर संशयित रुग्ण, ११०० हून अधिक मृत्यू, ती साथही सीचीच. ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ अधूनमधून डोकं वर काढत राहिले, आणि एक्सवर जगात लसच नव्हती. पुन्हा पाथ आणि सीरम. तेरा वर्षांच्या कामानंतर जुलै २०२३ मध्ये मेनफाइव्हला मान्यता मिळाली. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स, पाच साखरा एका कुपीत. त्यांतल्या ए आणि एक्स टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेल्या, उरलेल्या तीन घटसर्पाच्या विषाच्या एका निरुपद्रवी रूपाला. मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

पाच साखरा, पाच जोडण्या, पाच वेळा सुटी साखर मोजणं. डोसची किंमत सुमारे ३ डॉलर. बाजारातल्या तशाच लसींच्या मानाने ती स्वस्तच म्हणायची, पण ज्या देशांनी पन्नास सेंट ही कमाल मर्यादा सांगितली होती त्यांना ती सहापट पडते. फरक गाव्हीसारख्या, गरीब देशांसाठी लसी घेणाऱ्या निधींनी भरायचा, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेने गाव्हीला पैसे देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. मोहीम लांबली की दर वर्षी जन्मणारी मुलं लसीविना वाढत जातात.

मला त्याहून खटकतं ते आपल्याकडचं. मार्च २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट उसळली, कोथरूडला सुतार दवाखान्यासमोर रांगा लागल्या आणि सीरमच्याच कोविशील्डची निर्यात थांबली. गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेसाठी ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपली माणसं मरत असताना दुसरं काय करणार होतो, हे मान्य. पण आफ्रिकेतल्या देशांनी त्यातून जे शिकायचं ते शिकलं. एप्रिल २०२१ मध्येच आफ्रिकन युनियनने ठरवलं की लागणाऱ्या लसींतल्या ६० टक्के २०४० पर्यंत आफ्रिकेतच बनवायच्या. तेव्हा हे प्रमाण जेमतेम एक टक्का होतं. डाकारची पाश्चर संस्था पिवळ्या तापाची लस कित्येक दशकं करते आहे, म्हणजे कौशल्य अगदीच नाही असं नाही.

काकूंना ही कल्पना फारशी पटली नाही. “कारखाना काय, कुणीही बांधेल. बॅच बाद करायची धमक असलेली माणसं तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात,” म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “तोवर ऑर्डर कोण देणार त्यांना?” नवा कारखाना सुरुवातीला हडपसरच्या दरात लस देऊ शकणार नाही. हा खड्डा भरायला गाव्हीने जून २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी १२० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्या पैशात जोडणी लसींचा एखादा कारखाना उभा राहिला, तर सीरमच्या ऑर्डरी घटतील. घटाव्यात, असं माझं मत. काकूंचं मत वेगळं आहे, आणि त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.