कंबरेचा घेर आणि स्तनाचा कर्करोग

कोंकणांत बाळंतपणानंतर स्त्रीचें शरीर स्थूल होऊं लागलें म्हणजे ‘बाई सुटली’ असें म्हणतात, आणि त्या म्हणण्यांत काळजीपेक्षां कौतुकाचाच भाग अधिक असतो. पोक्त स्त्रीचा भरदारपणा ही खात्यापित्या घरची खूण मानली जाते. या मेदाचा स्तनाच्या कर्करोगाशीं कांहीं संबंध असेल, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

मेद म्हणजे अडचणीच्या काळासाठीं शरीरानें भरून ठेवलेली कणगी, असा समज आहे. वस्तुतः तो अखंड काम करणारा अवयव आहे. तारुण्यांत ईस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव मुख्यतः बीजकोशांत तयार होतो. पाळी कायमची थांबली कीं तें काम संपतें. परंतु ईस्ट्रोजेन अजिबात नाहींसें होत नाहीं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून येणाऱ्या दुसऱ्या स्रावांचें मेदाच्या पेशी ईस्ट्रोजेनमध्यें रूपांतर करीत राहतात. मेद जितका अधिक तितका हा पुरवठा अधिक. आणि स्तनांतील पेशींना वाढीची आज्ञा देणारा स्राव हाच. पेशींचें विभाजन जितक्या वेळां होतें, तितकी त्यांत चूक शिरण्याची संधि वाढते.

पोटांत सांठलेल्या मेदाची करणी आणखी निराळी आहे. त्यामुळें शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासें होतें, म्हणून स्वादुपिंड तें अधिकाधिक ओततें. हें वाढलेलें इन्शुलिन साखरेपुरतें थांबत नाहीं. पेशींच्या वाढीस तें स्वतः उत्तेजन देतें. शिवाय ईस्ट्रोजेनला रक्तांत बांधून ठेवणारें जें प्रथिन यकृतांत तयार होतें, तेंही कमी करतें. मधुमेह आणि स्तनाचा कर्करोग हीं दोन टोकांचीं दुखणीं अशीं एका मुळाशीं येऊन मिळतात.

पण कोंकणांतील बायका तर बहुधा किरकोळ अंगाच्या, मग त्यांना भय कसलें? याचें उत्तर पुण्यांत मिळालें. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचेंच उदाहरण छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! तेव्हां तराजूपेक्षां शिंप्याची फीतच अधिक खरें बोलते. भारतीय स्त्रीचा कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरांपुढें गेला कीं वैद्य सावध होतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. नितंबांच्या मानानें कंबर मोठी असेल तर धोका अधिक, मग पाळी चालू असो वा थांबलेली, असें तींत आढळलें.

विहिरीचे हंडे घेऊन पाखाडी चढणें, उखळांत भात कांडणें हे कष्ट बहुतेक घरांतून गेले. ते परत यावेत असें कोणी म्हणणार नाहीं. पण ताटांतील भाताची रास तेवढीच राहिली आहे. रोजचें झपझप चालणें आणि ती रास थोडी उतरविणें, एवढें तरी कोणत्याही घरीं साधण्यासारखें आहे. अंगावरचें दूध पाजण्यानेंही मातेचा धोका कांहीं अंशीं कमी होतो.

मात्र एखादीला हा रोग झाला तर तिच्या खाण्याकडे बोट दाखविणें अन्यायाचें होय. वय आणि आनुवंशिकता कोणाच्या हातीं नाहींत, आणि सडपातळ, कष्टाळू स्त्रियांनाही तो होतो. खरा घात होतो तो संकोचानें. गांठ बहुधा दुखत नाहीं, म्हणून ती पदराआड महिनोन्‌महिने राहते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातांनीं स्तनांची तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटले, असें २०२१ सालीं जाहीर झालें. त्याहून लहान वयांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानें टाटा रुग्णालयाच्या साहाय्यानें गांवोगांवीं कर्करोगाची तपासणी नेलेली आहे.