चंद्र दाखवा, शब्द शिकवा

तुम्ही मंडळी आता लिहावाचायला शिकलात. सही करता, एस्.टी.ची पाटी वाचता, आलेले पत्र वाचता. ही काही लहान गोष्ट नव्हे. आता पुढचा प्रश्न येतो. घरचे मूल शाळेत जाते. त्याच्या वाचनाला आपला काही हातभार लागेल का? पुष्कळ जण आम्हांला म्हणतात, "गुरुजी, आम्ही कालचे शिकलेले. आम्ही पोराला काय शिकवणार?" आम्ही सांगतो, पुष्कळ शिकवाल. कसे ते या पाठात पाहू.

आधी आमचीच एक चूक सांगतो. आम्ही शाळेवर असताना चौथीचा एक मुलगा धडा वाचत होता. "अंतराळवीर चंद्राच्या पृष्ठभागावर उतरले." वाचन अगदी खणखणीत. कोठे अडखळणे नाही. आम्ही सहज विचारले, "पृष्ठभाग म्हणजे काय रे?" मुलगा म्हणाला, "पृष्ठ म्हणजे पान. चंद्राच्या पानावर उतरले." सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलाचे तोंड मात्र उतरले. त्या दिवशी तो पुन्हा वाचायला उठला नाही.

मागाहून आमच्या मनात आले, यात हसण्यासारखे काय होते? पृष्ठ म्हणजे पान, हे आम्हीच त्याला शिकवले होते. पृष्ठभाग म्हणजे वस्तूचा वरचा, दिसणारा भाग, हे सांगायचे राहिले होते. पोराने आपल्या परीने डोके चालवले होते. चूक आमची होती. नांगर धरता आला म्हणजे पीक आले असे नव्हे. तसेच अक्षरे वाचता आली म्हणजे वाचन आले असे नव्हे. शब्दाचा अर्थ कळला, तो शब्द आपल्या बोलण्यात आला, म्हणजे वाचन आले.

तेव्हापासून आम्ही एक रीत धरली. घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द यांची गाठ घालून द्यायची. घरातला शब्द कोणाकडे असतो? गुरुजींपेक्षा तो तुमच्याकडेच जास्त असतो. म्हणून हे काम तुमचे आहे.

यासाठी चंद्रासारखी दुसरी चांगली वस्तू नाही. तो सर्वांना दिसतो. पैसा पडत नाही. तुम्ही म्हणता पुनव, पुस्तक म्हणते पौर्णिमा. तुम्ही म्हणता अवस, पुस्तक म्हणते अमावास्या. तुम्ही म्हणता बीज, पुस्तक म्हणते द्वितीया. मुलाला वाटते, या निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्याला सांगा, "वटपौर्णिमेला आई वडाला जाते ना? तीच पौर्णिमा. आपण पुनव म्हणतो." भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, हेही सांगा. एवढ्याने दोन शब्द पक्के झाले.

आता माणूस चंद्रावर गेला ती गोष्ट घ्या. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आवडत्या गोष्टीतले शब्द लवकर पाठ होतात.

जुलै १९६९ मध्ये अमेरिकेचे तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले. नील आर्मस्ट्राँग, एडविन ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स अशी त्यांची नावे. त्यांच्या मोहिमेचे नाव अपोलो ११. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पहिले पाऊल टाकले, तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ झाली होती. त्याच्यामागून ऑल्ड्रिन उतरला. कॉलिन्स वर यानात बसून चंद्राभोवती फेऱ्या घालत राहिला. १९६९ ते १९७२ या काळात एकूण १२ माणसे चंद्रावर चालून आली.

या गोष्टीतले शब्द आता फोडून दाखवा. अंतराळ म्हणजे आभाळाच्याही पलीकडची मोकळी जागा. वीर म्हणजे शूर. दोन्ही मिळून अंतराळवीर. यान म्हणजे वाहन. चंद्रावर जाते ते चंद्रयान. मोठा शब्द पाहून मूल घाबरते. तोच शब्द मधोमध फोडला की दोन सोपे शब्द हाती येतात.

कॉलिन्स ज्या वाटेने फिरत होता तिला कक्षा म्हणतात. घाण्याचा बैल खांबाभोवती एकाच वाटेने फिरतो, तशी ही फेरीची वाट. चंद्रही पृथ्वीभोवती असाच फिरतो. बैलाची एकच कूस खांबाकडे असते. तशीच चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसरी बाजू इथून कधी दिसत नाही.

चंद्रावर मोठमोठे खड्डे आहेत. पुस्तकात त्यांना विवर म्हणतात. आपण चंद्रावर ससा दाखवतो, तो भाग काळसर का दिसतो? फार पूर्वी वितळलेला खडक तेथे पसरला आणि थिजला. त्याची ती मैदाने. जुन्या काळच्या विद्वानांना तेथे पाणी असेल असे वाटले, म्हणून त्यांनी समुद्र हे नाव दिले. अपोलो ११ उतरले ते मैदानही समुद्रच म्हणवते. पण त्यात पाण्याचा थेंब नाही. मुलाला सशाची गोष्टही सांगा आणि ही खरी हकिगतही सांगा. दोन्हींत शब्द आहेत.

चंद्रावर हवा नाही, म्हणून अंतराळवीरांनी प्राणवायू बरोबर नेला. प्राण आणि वायू, प्राण राखणारा वारा. आणखी एक मोठा शब्द गुरुत्वाकर्षण. गुरुत्व म्हणजे जडपणा, आकर्षण म्हणजे ओढ. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते, म्हणून फेकलेला दगड खाली येतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. आपल्याकडचे ६० किलोचे पोते तेथे उचलायला १० किलोइतकेच लागेल. हे ऐकून मूल हसेल, आणि शब्द विसरणार नाही.

आपल्या देशाचीही गोष्ट सांगा. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा रशियन यानातून अंतराळात गेले. ते पहिले भारतीय अंतराळवीर. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या चंद्रयान-२ चा उतरणारा भाग चंद्राजवळ पोचून कोसळला. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी चूक शोधली, दुरुस्त केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चंद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरला. त्यातून प्रज्ञान नावाची सहा चाकांची गाडी बाहेर आली. विक्रम हे नाव विक्रम साराभाई यांच्यावरून दिले. प्रज्ञान म्हणजे शहाणपण, समज. यात माणूस नव्हता, यंत्रे होती, हेही सांगा.

ही गोष्ट सांगताना एक ध्यानात ठेवा. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांचे यान एकदा पडले, तर आपले पोर जोडाक्षरावर अडखळले म्हणून त्याला मारायचे कशाला? हसायचे तर मुळीच नाही. "पुन्हा वाच," एवढेच म्हणा.

आता करायचे काय ते नीट सांगतो. अमावास्येनंतरच्या बीजेला, दिवस मावळल्यावर मुलाला अंगणात न्या. पश्चिमेला बारीक कोर दिसेल. त्या रात्रीचा शब्द चंद्रकोर. मुलाने तो पाटीवर लिहावा, फोडावा, आणि त्याचे एक वाक्य आपल्या मनाने सांगावे. पुनवेपर्यंत चंद्र रोज संध्याकाळी आभाळात असतो. रोज एक शब्द. पुनवेला सुमारे चौदा शब्द होतील. मग मुलाला सगळे पुन्हा वाचायला सांगा. तुम्हीही त्याच्याबरोबर वाचा.

एखादा शब्द तुम्हांला आला नाही तर लाजू नका. "मलाही ठाऊक नाही, उद्या गुरुजींना विचारू," असे सरळ सांगा. आपला बापही शिकतो आहे, आपली आईही विचारते आहे, हे पाहून मुलाला धीर येतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला घरी असे कोणी सोबतीला असते, तर त्या दिवशी तो खाली मान घालून बसला नसता. तुमच्या मुलाला तुम्ही आहात. आज तिथी कोणती ते पाहा, आणि बीजेच्या संध्याकाळी अंगणात पाटी घेऊन बसा.