चोर आहे, की नुसती पावलं?

शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा खाल्ला, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला ठेवला. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, ‘जरा येऊन जाता का? फोनवर नको.’ बावीस वर्षांचा, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा असा एक पोरगा डोळ्यांसमोर आणू. परभणीचा समजा, नाहीतर जिंतूर-गंगाखेडकडचा. ना ताप, ना पोटात दुखणं. आणि हातात कागद : अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू.

आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची प्रत्येक पिशवी पाच आजारांसाठी तपासतात. त्यात हिपॅटायटिस सी आला २००१मध्ये. मुळात हा विषाणू ओळखूच आला १९८९मध्ये. तोवर डॉक्टर त्याला ‘ए नाही, बी नाही’ एवढंच म्हणायचे. तो शोधणाऱ्या अल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२०चं नोबेल मिळालं.

पण त्या कागदात नेमकं काय लिहिलंय? विषाणू आत आल्यावर शरीरानं त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार केली ती सापडली, एवढंच. अंगणात चोराची पावलं उमटली आहेत. चोर घरात आहे की येऊन गेला, ते पावलं सांगत नाहीत. लागण झालेल्या शंभरांपैकी १५ ते ४५ जणांचं शरीर सहा महिन्यांच्या आत, काही औषध न घेता, हा विषाणू हुसकून लावतं. म्हणून दुसरी तपासणी करायची, विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराची. तिच्यात विषाणू दिसला तरच आजार आहे.

या दोन रिपोर्टांमधले दिवस सगळ्यात वाईट. रात्री पांघरुणात मोबाइल उघडला की सिरोसिस, कॅन्सर, यकृत प्रत्यारोपण हेच समोर येतं. ते खोटं नाही, पण त्याला काळाचं माप लावायला हवं. विषाणू ठाण मांडून बसलेल्या शंभरांपैकी १५ ते ३० जणांना साधारण वीस वर्षांत सिरोसिस होतो, म्हणजे यकृत निबर होतं. बाविशीत कळलं, ही खरं तर लवकर कळल्याची बातमी आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून कळत नाही.

घरात वेगळीच परीक्षा असते. ‘कावीळ’ म्हटलं की कुणी गळ्यात माळ घालणाऱ्याचा पत्ता सांगतं, कुणी उसाचा रस पाजतं. माय हळूच विचारते, “तुझं ताट येगळं ठेवू का रे?” नको. दूषित पाण्यातून येते ती कावीळ वेगळ्या विषाणूंची, ए आणि ई या जातींची. सी हा रक्तातून रक्तात जातो. ताट, पेला, मिठी, खोकला यांतून नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर.

मग येतो दुसरा प्रश्न, जरा कडवटपणे : “कुठं काय केलंस?” उत्तर बहुतेकदा सापडत नाही. एखाद्या जत्रेत गोंदवून घेताना आधीच्याचीच सुई वापरली असेल. कुठं सुई-सिरिंज पुन्हा वापरली असेल. ‘सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही’ आणि ‘एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ या आपल्या हौशीची किंमत आपण मोजत नाही. पोराच्या चारित्र्याची चौकशी करण्याआधी ही हौस तपासावी, असं माझं मत.

आता या आजाराची सगळ्यात सुरस गोष्ट. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही आपला मजकूर पेशीच्या केंद्रकात दडवून ठेवतात. म्हणून औषधांनी ते दबतात, पण सहसा मुळासकट जात नाहीत. सी केंद्रकात शिरतच नाही. तो बाहेर, पेशीद्रवात, सतत स्वतःच्या प्रती काढत राहतो. प्रती काढणं थांबलं की त्याचा वंश संपतो. सोफोसबुविर ही गोळी नेमकं तेच करते. आरएनएची साखळी जोडली जात असताना ती खऱ्या कडीसारखी दिसणारी खोटी कडी पुढं करते. विषाणूचं यंत्र ती जोडतं आणि पुढची कडी अडकतच नाही. जोडीला डाक्लाटासविर असतं, ते विषाणूचं दुसरं एक प्रथिन निकामी करतं. रोज एकदा, बारा आठवडे. शंभरातले ९५हून अधिक बरे होतात. आधी इंटरफेरॉनच्या सुया काही महिने, कधी वर्षभर घ्याव्या लागत. ताप, केसगळती, उदासी सोसूनही गुण जेमतेम निम्म्यांना.

२०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरची गोळी आली तेव्हा एकीची किंमत होती हजार डॉलर. पुढं भारतीय कंपन्यांना ती बनवायचे परवाने मिळाले आणि भाव कोसळला. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांतून मोफत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात करायची.

गोळी सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का, हे विचारून घ्यावं. तो अंगात असेल तर सीच्या उपचारात उसळू शकतो. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्यांनी या औषधाचा असर उतरू शकतो. दारू बंद. धावणं सोडायचं कारण नाही.

शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवडे थांबून पुन्हा आरएनए तपासतात. त्यात विषाणू नाही दिसला, तर बरा. पुन्हा लागण मात्र होऊ शकते. अँटीबॉडी असल्या तरी त्या राखण करत नाहीत आणि लसही अजून नाही. रक्तदात्यांच्या यादीतून त्याचं नाव कायमचं गेलं.

आणि ती पावलं अंगणात तशीच राहतात. पुढं कुठं वैद्यकीय तपासणीत कुणी नुसती अँटीबॉडी तपासली, तर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द पुन्हा छापून येईल. म्हणून आरएनए निगेटिव्हच्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढायच्या आणि दहावीची सनद, जातीचा दाखला असतो त्याच फायलीत लावून ठेवायच्या.